आग रामेश्वरी, कार्यशाळा सोमेश्वरी

महाविद्यालयांतले आणि विद्यापीठांतले शिक्षक थकले आहेत, याबद्दल आता फारसे दुमत राहिलेले नाही. प्राचार्य ते खासगीत बोलतात, कुलगुरू भाषणात कबूल करतात, आणि शिक्षणशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या विभागांत त्यावर प्रबंध लिहिले जातात. वाद आहे तो औषधाबद्दल. गेल्या काही वर्षांत एक औषध फार खपू लागले आहे. शिक्षकाची भावनिक बुद्धिमत्ता वाढवा, त्याच्या अंगी लवचिकता बाणवा, म्हणजे बर्नआउट आपोआप ओसरेल, असे सांगितले जाते. मग एक दिवसाची कार्यशाळा होते, नाहीतर आठवड्याचा फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम. दीर्घ श्वास घेतले जातात, एक प्रश्नावली भरून घेतली जाते, आणि शेवटी प्रमाणपत्र हाती पडते. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग केलेला फोटोही निघतो.

उपाय निरुपद्रवी दिसतो, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. घ्यायला हवी. या उपायाच्या पोटात एक निवाडा दडलेला आहे: थकव्याचे मूळ शिक्षकाच्या स्वभावात आहे, आणि दुरुस्ती त्यालाच करायची आहे. हा निवाडा पुराव्यावर टिकत नाही. ज्या संशोधकांची नावे घेऊन तो दिला जातो, त्यांच्याच मांडणीशी त्याचे जुळत नाही. आणि महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा गेल्या दहा-बारा वर्षांचा हिशेब समोर मांडला, तर तो सरळसरळ अन्यायाचा ठरतो.

आधी समोरच्यांचे म्हणणे पूर्ण बळानिशी ऐकून घेऊ. वर्गात ऐंशी-शंभर मुले असतात. त्यांतली कितीतरी घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. कोणाची फी थकलेली असते, कोणाच्या घरात रोजची भांडणे, कोणी परीक्षेच्या धास्तीने गळाठलेले. अशा वर्गासमोर उभे राहायचे तर आपल्या मनात काय चालले आहे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटले आहे, हे ओळखता यावे लागते. ज्याला ते साधते तो वर्गही सांभाळतो आणि स्वतःलाही. देशोदेशीच्या पाहण्यांत भावनिक बुद्धिमत्तेचे गुण जास्त असलेल्या शिक्षकांमध्ये बर्नआउटचे गुण कमी आढळले आहेत. यातला शब्दही खोडून काढायचे कारण नाही. प्रश्न आहे तो या आकड्यांवरून पुढे काढल्या जाणाऱ्या अनुमानाचा.

हे आकडे येतात कुठून? बहुतेक अभ्यासांची रीत एकच. शिक्षकांना एकाच बैठकीत दोन प्रश्नावल्या दिल्या जातात, हल्ली गुगल फॉर्मवर. पहिलीत स्वतःच्या भावनिक बुद्धिमत्तेला स्वतःच गुण द्यायचे, दुसरीत स्वतःच्या थकव्याला. मग दोन्ही आकड्यांचा सहसंबंध काढला जातो. तो ऋण निघतो, आणि निष्कर्षात लिहिले जाते की भावनिक बुद्धिमत्ता वाढवल्यास बर्नआउट घटेल. यात तीन भोके आहेत.

पहिले भोक प्रश्नावलीतच आहे. रूव्हेन बार-ऑन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या मोजमापात ‘ताण हाताळणे’ आणि ‘सर्वसाधारण मनःस्थिती’ हे भावनिक बुद्धिमत्तेचेच घटक मानले आहेत. के. व्ही. पेट्रिडीस यांच्या प्रश्नावलीतही ‘स्वास्थ्य’ हा एक मुख्य घटक आहे. म्हणजे पहिल्या कागदावर विचारायचे की तुम्हाला ताण पेलतो का, मन आनंदी असते का. आणि दुसऱ्या कागदावर विचारायचे की तुम्ही गळून गेला आहात का. एकच गोष्ट दोन बाजूंनी विचारली की उत्तरे उलटसुलट येणारच. त्याला शोध म्हणणे धाडसाचे आहे. यातून सुटायचा मार्ग म्हणून पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी सहकाऱ्यांबरोबर वेगळी चाचणी बेतली. तीत माणसाला स्वतःचे वर्णन करायचे नसते, दिलेले प्रश्न सोडवायचे असतात. पण ती वेळखाऊ आहे आणि विकत घ्यावी लागते. त्यामुळे स्वतःच स्वतःला गुण द्यायची सोपी वाट अधिक वापरात राहिली.

दुसरे भोक दिशेचे. माणूस भावनिकदृष्ट्या कच्चा आहे म्हणून थकला, की थकला म्हणून त्याचा संयम सुटू लागला? एका दुपारी भरलेल्या दोन कागदांवरून याचे उत्तर मिळत नाही. दहा वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढलेला माणूस ‘मी शांत राहू शकतो’ या वाक्यापुढे कमी गुण लिहील. ते गुण त्याच्या स्वभावाचे की त्या दहा वर्षांचे?

तिसरे भोक सहसा नजरेतच येत नाही. प्रश्नावली भरतो तो अजून नोकरीत असलेला माणूस. नेट-सेट आणि पीएचडी करून, आठ-दहा वर्षे वाट पाहून ज्यांनी हे क्षेत्र सोडले, ज्यांनी दुकान टाकले, शेतीत परतले किंवा खासगी क्लासेसमध्ये गेले, ते या नमुन्यात नसतात. ज्यांना सर्वांत जास्त झळ लागली, त्यांचाच आवाज मोजणीतून गळतो.

मुळात या संकल्पनांच्या जनकांनी काय सांगितले होते? सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली. भावना ओळखणे, विचाराला त्यांची मदत घेणे, त्या समजून घेणे आणि हाताळणे या क्षमता त्यांना अभिप्रेत होत्या. पाच वर्षांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे विज्ञान-वार्ताहर डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकाने ही संकल्पना घराघरांत आणि कॉर्पोरेट कचेऱ्यांत पोचवली, आणि यशस्वी माणसाचे जवळजवळ सगळे सद्गुण तिच्यात येऊन बसले. स्वतः मेयर यांनी या फुगलेल्या दाव्यांवर वारंवार टीका केली आहे.

मूळ मांडणीतला कळीचा मुद्दा असा की भावना ही माहिती असते. भीती धोक्याची खबर देते, राग अन्यायाची. ती खबर नीट वाचता येणे म्हणजे भावनिक शहाणपण. या निकषावर पाहिले तर ज्या शिक्षकाला सहा महिन्यांचे थकलेले मानधन पाहून राग येतो, त्याची भावनिक बुद्धिमत्ता शाबूत आहे. त्याला खबर बरोबर मिळाली आहे. कार्यशाळा त्याला सांगते की राग तुझ्या आत आहे, तो श्वासाबरोबर सोडून दे. म्हणजे ज्या विद्येचे नाव घ्यायचे, तिच्याच पहिल्या धड्यावर बोळा फिरवायचा.

लवचिकतेचेही तेच झाले. या विषयातला सर्वांत प्रसिद्ध अभ्यास एमी वर्नर यांचा. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके माग ठेवला. गरिबी, घरातले कलह, आईवडिलांची व्यसने किंवा आजार अशी अनेक संकटे एकत्र ज्यांच्या वाट्याला आली, त्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुले चांगली उभी राहिली. हाच आकडा व्याख्यानांत सांगितला जातो. ती कशामुळे उभी राहिली, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहते. मुलांच्या स्वभावाचा त्यात भाग होताच. पण आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक असे आधाराला धरता येईल असे किमान एक माणूस त्यांच्या आयुष्यात होते, हेही वर्नर यांनी ठळकपणे नोंदवले. आणि त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की दोन तृतीयांश मुलांना त्या संकटांचा फटका बसला. त्यांना ‘तुमच्यात चिवटपणा कमी पडला’ असे सांगायला वर्नर गेल्या नव्हत्या.

बर्नआउटच्या अभ्यासाचा इतिहास तर याहून बोलका आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल लिहिले. सर्वांत आधी कोण कोसळते, याचे त्यांचे निरीक्षण कामचुकारांविषयी नव्हते. कामाला वाहून घेतलेल्यांविषयी होते. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या क्रिस्टिना मॅस्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ साली मोजपट्टी तयार केली. भावनिक गळाठा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना, अशी तिची तीन अंगे. आज शिक्षकांवरच्या असंख्य प्रबंधांत हीच मोजपट्टी वापरली जाते. पण मॅस्लाक यांनी मायकेल लाइटर यांच्याबरोबर १९९७ साली लिहिलेल्या पुस्तकाचा निष्कर्ष त्याच प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणात क्वचित पोचतो. बर्नआउट माणसाच्या घडणीतून कमी आणि माणूस व त्याचे काम यांच्या विसंगतीतून अधिक जन्मतो, असे त्यांनी सांगितले, आणि ही विसंगती शोधायच्या सहा जागाही दिल्या: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांचा समूह, न्याय आणि मूल्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला जागा दिली, तीही आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी व्यवसायाशी निगडित घटना, अशी तिची नोंद आहे.

या सहा जागा महाराष्ट्रातल्या एखाद्या अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात शोधू.

बोजा आधी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष शिकवायचे, एकूण काम ४० तासांचे. कागदावर हे माफक आहे. पण हा हिशेब विभागात मंजूर तेवढी माणसे आहेत असे धरून केलेला आहे. राज्यात २०१७ साली नव्या भरतीला चाप लागला. नोव्हेंबर २०१८मध्ये सरकारने रिक्त पदांपैकी ४० टक्के म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी दिली. त्यांतली १,४९२ भरली गेली. मग करोना आला, मे २०२०मध्ये पदभरती थांबली आणि २,०८८ पदे लटकली. त्यांना पुन्हा हिरवा कंदील मिळाला तो २०२१च्या अखेरीस. त्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. उरलेल्या ६० टक्के रिक्त पदांना तर त्या परवानगीत जागाच नव्हती. त्यानंतर मंजुरीच्या घोषणा होत राहिल्या. नेमणुकीची पत्रे त्या वेगाने निघाली नाहीत.

परिणामी ज्या विभागात पूर्वी चार पूर्णवेळ माणसे होती, तिथे पुष्कळ ठिकाणी एक उरला आहे. तो विभागप्रमुख आहे, आणि तोच एकटा कायम शिक्षक आहे. प्रवेश समिती, परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन, नॅकचा एखादा निकष, एक्यूएआर हा दरवर्षीचा अहवाल, एआयएसएचई या केंद्रीय पाहणीची माहिती, विद्यार्थ्यांचे अपार आयडी, मेंटॉर-मेंटीचे रजिस्टर, एनएसएसचे शिबिर हे सारे त्याच्याच टेबलावर येते. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याकडे अधिकृतपणे यातले काही देता येत नाही, अनधिकृतपणे सगळे दिले जाते.

ताब्याचे काय? नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट अशी नवी चौकट आली. चौकट चांगली की वाईट, हा वेगळा वाद. पण ती राबवणाऱ्या शिक्षकाला आपण येत्या सत्रात नेमके काय शिकवणार, हे अनेक ठिकाणी सत्र सुरू झाल्यानंतर कळले. जे ठरवण्यात आपला हात नाही आणि ज्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे, असे काम माणसाला सर्वांत लवकर झिजवते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ सालीच हे दाखवून दिले होते.

मोबदला आणि न्याय या दोन जागा एकत्रच पाहाव्या लागतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्याच स्टाफरूममध्ये, त्याच पात्रतेचा, तोच पेपर शिकवणारा दुसरा माणूस तासावर बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले होते. महाराष्ट्रातला तासिकेचा दर वाढवूनही त्या आकड्याला पोचलेला नाही. सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत. नियुक्तीचा आदेश उशिरा आणि मानधन त्याहून उशिरा, ही तक्रार दरवर्षीची. आयोगाच्या त्याच २०१८च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत, असे स्पष्ट लिहिले होते. जानेवारी २०२५मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा आणला, तेव्हा त्यातून ही मर्यादाच वगळली.

गुजरातमधल्या सरकारी अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचे प्रकरण ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. महिन्याला ३०,००० रुपयांवर ते वर्षानुवर्षे नियमित सहकाऱ्यांइतकेच काम करत होते. न्यायालयाने त्यांना नियमित श्रेणीतले किमान वेतन द्यायला सांगितले, आणि समारंभांत गुरुवंदनेचे श्लोक म्हणून भागत नाही, असेही सुनावले. कोर्टाने त्या शिक्षकांच्या लवचिकतेची चौकशी केली नाही. त्यांच्या पगाराची केली.

समूहाची गत यातूनच होते. घंटा झाली की तासिकावाला दुसऱ्या गावच्या कॉलेजसाठी एसटी गाठायला निघतो. कायम शिक्षक पोर्टलवर माहिती भरत बसतो. शिकवण्याविषयी बोलायला दोघांनाही वेळ नाही, आणि एकाला दुसऱ्याची नोकरी दिसत असते.

मूल्यांची जागा सर्वांत नाजूक. शिक्षक या व्यवसायात आला तो काही शिकवावे, काही नवे शोधावे म्हणून. त्याचा दिवस जातो झालेल्या गोष्टींचे पुरावे गोळा करण्यात आणि पुष्कळदा न झालेल्या गोष्टींचे तयार करण्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये आणलेल्या, शिक्षकाच्या कामाला एपीआय गुण देण्याच्या पद्धतीने पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फुलवला. पुढे आयोगालाच ती पद्धत मागे घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. ज्या फायलींसाठी हजारो शिक्षकांनी रात्री घालवल्या, त्या व्यवस्थेबद्दल अशी बातमी वाचून त्यांच्या मनात कोरडेपणा येणार नाही तर काय येईल? मॅस्लाक यांच्या मोजपट्टीवर त्या कोरडेपणाचे गुण मोजले जातील आणि ते शिक्षकाच्या खात्यावर मांडले जातील.

व्यवस्थेची चूक शिक्षकाच्या अंगावर कशी येते, याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण मुंबई विद्यापीठाचे २०१७चे निकाल. उन्हाळी परीक्षांचा हंगाम सुरू असतानाच सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचे ठरले. ४७७ परीक्षा, १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. ना पुरेशी चाचणी, ना पुरेशी तयारी. विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. इथे कुलपती असलेल्या राज्यपालांना ३१ जुलैची मुदत घालून द्यावी लागली, आणि तीही हुकली. शिक्षकांनी तपासत बसावे म्हणून जुलैत महाविद्यालयांतले वर्ग चार दिवस बंद ठेवले गेले. दुसऱ्या विद्यापीठांतले परीक्षक मदतीला घेतले. स्कॅन केलेली पाने धूसर, पुरवण्या दुसऱ्याच उत्तरपत्रिकेला जोडलेल्या, सर्व्हर मध्येच बंद. शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांचे हाल झाले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या चार-पाच महिन्यांत ‘शिक्षक तपासायलाच येत नाहीत’ हे वाक्य किती वेळा ऐकू आले! त्या काळात मुंबईतल्या शिक्षकांची बर्नआउटची पाहणी झाली असती, तर आकडे भयंकर आले असते. त्यावर भावनिक बुद्धिमत्तेची कार्यशाळा घेणे हा उपाय ठरला असता काय?

आता कार्यशाळांच्या फळाकडे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, आणि संशोधकांनी ४,८३४ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली: काहींना कार्यक्रम, काहींना नाही. वैद्यकीय खर्च, आरोग्याच्या सवयी, कामातली हजेरी यांपैकी बहुतेक बाबतींत दोन गटांत फरक पडला नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. चिठ्ठ्या बाजूला ठेवून, जे स्वतःहून सामील झाले त्यांची न झालेल्यांशी तुलना केली, तर कार्यक्रम मोठा गुणकारी दिसत होता. कारण मुळात धडधाकट माणसेच तिकडे जास्त गेली होती. आपल्याकडे कार्यशाळेच्या शेवटी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवरून तिचे यश ठरवणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. लवचिकतेचे प्रशिक्षण, ताण-व्यवस्थापन, ॲप यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या स्वास्थ्यात त्यांना उल्लेखनीय फरक दिसला नाही. अपवाद फक्त समाजसेवेच्या कामाचा. ही एकाच वेळची पाहणी आहे, तेव्हा तिच्या मर्यादा वर सांगितलेल्या प्रबंधांसारख्याच आहेत. पण डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या १९ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा २०१७मध्ये घेतला गेला, तेव्हाही व्यक्तीवर केलेल्या उपायांपेक्षा कामाचे वेळापत्रक, बोजा आणि संस्थेची पद्धत बदलणारे उपाय जास्त लागू पडलेले दिसले. व्यक्तीवरचे उपाय अगदी निकामी ठरले नाहीत. त्यांचा परिणाम थोडा होता, इतकेच.

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की एकाच कॉलेजात, एकाच बोजाखाली एक खचतो आणि दुसरा टिकतो. मग फरक स्वभावाचाच नाही का? फरक आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली एक भेद दाखवला, तो इथे नेमका लागू पडतो. या माणसाला आजार का झाला आणि या वस्तीत इतक्यांना आजार का होतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आधी कोण कोसळेल हे स्वभावावरून ठरू शकेल. किती जण कोसळतील हे बोजा ठरवतो. धोरण आखणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते.

दुसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे: लाखाच्या घरात पगार, उन्हाळ्याची सुट्टी, यांना कसला थकवा? लाखाचा पगार आहे तो कायम नोकरीवाल्यांना, आणि त्यांच्यातही काम न करणारे आहेत, हे नाकारायचे कारण नाही. पण काम न करणारा थकत नाही. त्याच्या वाटणीचे ओढणारा थकतो. आणि फॉर्म, फायली, उत्तरपत्रिका जिथे एकाच टेबलावर साचतात, त्या टेबलावरचा माणूस कामसू असतो म्हणूनच त्या तिथे साचतात.

तिसरा आक्षेप सभ्य आहे. पदे भरायला पैसा नाही, तोवर निदान कार्यशाळा तरी? ‘तोवर’ हा शब्द महाराष्ट्रात दहा वर्षे जुना झाला. शिवाय शिक्षक एकत्र येऊन काही मागतात तेव्हा सरकारची भाषा समुपदेशनाची नसते. २०१३मध्ये राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांचे ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. एकटा थकलेला शिक्षक सहानुभूतीला पात्र ठरतो. संघटित थकलेले शिक्षक बेशिस्त ठरतात.

आणि सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. एकच माहिती नॅक, एआयएसएचई, एनआयआरएफ, विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय यांना पाच वेगवेगळ्या तक्त्यांत भरून द्यावी लागते. ती एकदाच घेता येईल. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांचे आदेश जूनमध्ये निघू शकतात आणि मानधन दर महिन्याला जमा होऊ शकते. उत्तरपत्रिका तपासण्याचा, प्रकल्प पाहण्याचा, मेंटॉरिंगचा वेळ कार्यभारात धरता येईल. अभ्यासक्रम सत्राच्या आधी हातात देता येईल. एखाद्या महाविद्यालयाचे मूल्यमापन करताना किती कार्यशाळा झाल्या याच्या शेजारी मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती आणि त्यांना शेवटचे मानधन कोणत्या महिन्याचे मिळाले, असे चार रकाने ठळक छापता येतील. पुणे विद्यापीठ एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या एकूण गटातल्या यादीत २०२४मध्ये ३७वे होते, २०२५मध्ये ९१वे झाले, तेव्हा विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आणि रिक्त पदे यांवर जाहीर चर्चा झालीच. क्रमांक घसरल्यावर जे कारण सगळ्यांना सुचते, ते शिक्षक खचल्यावर सुचायला हरकत नसावी.

कार्यशाळा बंद करा, अशी मागणी कोणी करत नाही. ज्याला समुपदेशन हवे त्याला ते मिळावे, गुप्तपणे मिळावे आणि त्याच्या प्रमाणपत्राचा फोटो कोणत्याही फाइलला लागू नये. फक्त क्रम बदलावा. शिक्षकांच्या ताणावरच्या पुढच्या कार्यशाळेचे पहिले सत्र विभागीय सहसंचालकांनी घ्यावे. विषय ठेवावा जिल्ह्यातली रिक्त पदे, त्यांची बिंदुनामावली आणि भरतीची तारीख. प्रश्नोत्तरांना एक तास पुरेल. भावनिक बुद्धिमत्तेच्या तज्ज्ञांना जेवणानंतरचे सत्र द्यावे.